डॉक्टरसाहेब, पोर ऐकतं का ते डिस्चार्ज कार्डावर लिहा

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत, इस्लामपूर, जिल्ह्यात कुठंही बाळंतपणं करणाऱ्या आणि लहान पोरं तपासणाऱ्या समस्त डॉक्टरसाहेब आणि मॅडम यांना,

नमस्कार.

पत्र लिहायला बसले तेव्हा शेजारी माझ्या पोरीचं डिस्चार्ज कार्ड काढून ठेवलंय. तीन वर्षं झाली, घडीवर फाटलंय, मधे सेलोटेप लावलाय. त्यात सगळं लिहिलंय बघा. चौतीस आठवडे, वजन १.९ किलो, जन्मल्यावर रडली पण दम लागत होता म्हणून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत, पेटीत) नऊ दिवस, त्यातच कावीळ, तीन दिवस लाइटखाली, इंजेक्शनं कुठली कुठली दिली ती नावं, त्यात ॲमिकासिन सात दिवस. रक्तगट. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटीस बी, तारखांसकट. खाली शिक्का, आणि लाल पेनानं लिहिलंय की डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीला चार आठवड्यांनी यावे. त्या तपासणीला आम्ही विसरू नये म्हणून दवाखान्यातून दोनदा फोन आला, आणि डोळ्याचे डॉक्टर तपासून म्हणाले पडदा चांगला आहे, तेव्हा आमच्या ह्यांनी तिथंच सगळ्यांना पेढे वाटले.

कानाबद्दल त्या कार्डावर एक अक्षर नाही.

मी डॉक्टर नाही. डीएड केलं, नोकरी काय लागली नाही, आता घरचं बघते आणि सीझनला बेदाण्याच्या शेडवर जाते. हे पत्र कुणा एकाला नाही. ज्या डॉक्टरांनी माऊला (घरात माऊच म्हणतो) वाचवलं त्यांचं नाव मी कुठंच घेणार नाही, कारण त्या नऊ दिवसांत ते रात्री दोनला पण येऊन बघून जायचे आणि ते नसते तर आज हे लिहायला कारणच उरलं नसतं. ॲमिकासिननं कानाला इजा होऊ शकते, पण ते जीव वाचवायलाच दिलं होतं हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जीव वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी कानाचं कुणालाच आठवलं नाही, आणि पुढं मी स्वतःहून विचारलं तेव्हा मला धीर दिला, चिठ्ठी दिली नाही.

कार्डाच्या मागं केस पेपरची झेरॉक्स पिन केलीय. तिथं एक रकाना आहे, नात्यात लग्न आहे का. पुढं लिहिलंय हो, थर्ड डिग्री. म्हणजे माझे मालक माझ्या सख्ख्या आत्याचे मुलगे, सासू म्हणजे माझी आत्याच. आपल्या भागात हे काही नवं नाही, मामाची पोरगी करायची म्हणजे पोरगी परक्यात गेली नाही म्हणून दोन्ही घरं खूश. नर्सनं विचारलं, मी सांगितलं, तिनं लिहिलं. मला वाटलं हे पत्ता लिहितात तसं लिहिण्यापुरतंच असेल.

तर माऊ घरी आली श्रावणात. आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले. आता तुम्ही इथलेच, त्यामुळं तुम्हाला सांगायला नको की ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर म्हणजे काय असतो. माझ्या दिराचा आहे, दोन ट्रॉल्या, आणि पुढं डेक असा लावलाय की गाडी चिंचेपाशी वळली की आमच्या मांडणीवरची पातेली थरथरतात. रात्री एकला, दीडला घरासमोरून जायचा. गल्लीतली कुत्री उठायची, म्हशी उठायच्या, शेजारची दोन महिन्यांची पोर किंचाळायची आणि तिची आई खिडकीतून दिराच्या सात पिढ्या काढायची. आमची माऊ ढिम्म. आम्ही कौतुक करायचो हो. किती शहाणं बाळ, किती गाढ झोप, ट्रॅक्टरवाल्याची पुतणी शोभते. मी स्वतः माहेरी फोन करून सांगितलंय की हिचा अजिबात त्रास नाही.

पहिली शंका आली ती कुकरनं. सातव्या महिन्यात ती बसायला लागली, मी स्वयंपाकघरातच चटईवर बसवायची. एक दिवस शिट्टी इतकी जोरात झाली की मीच दचकले, आणि ती मात्र चमच्याशी खेळत होती, मान वर नाही, पापणी हलली नाही. मी मुद्दाम दुसरी शिट्टी होऊ दिली, मग तिसरी. डाळीचा पार लगदा झाला त्या दिवशी. संध्याकाळी आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या काहीतरीच काय, थांब. आणि स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन आल्या. माऊच्या मागं उभ्या राहिल्या आणि वाजवलं. माऊनं वळून बघितलं. आत्या म्हणाल्या, बघ, उगं पोरीला नावं ठेवू नको. घरातला विषय तिथं संपला.

ताटाचा विषय मात्र मी संपवणार नाही, कारण पुढं मी दोन डॉक्टरांच्या केबिनमध्ये पण तेच बघितलं, ताटाऐवजी टाळी आणि टेबलावर पेन. पोर वळतं ते आवाजानंच असं नसतं. ताट वाजवताना हात हलतो, त्याची सावली पुढच्या भिंतीवर पडते, उलथनं मारलं की वारा येतो मानेला, चटईतून हादरा येतो, आणि ज्या पोराला ऐकू येत नाही ते ह्या बाकीच्या गोष्टींत आपल्यापेक्षा दुप्पट हुशार झालेलं असतं. आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे आवाज काढणं. माऊ चौथ्या-पाचव्या महिन्यात आऊ-गुऊ सगळं करायची, हसायची खळखळून. मला कुठं माहीत की बहिरी बाळं पण सुरुवातीला हे सगळं करतात, मग हळूहळू कमी होतं, आणि बा-बा-बा, दा-दा-दा ची जी माळ लागायला पाहिजे ती लागत नाही. ज्यांना हे माहीत असायला पाहिजे त्यांनीच मला विचारलं, आवाज काढते ना? मग कान चांगला आहे.

आठव्या महिन्यात दाखवायला घेऊन गेले. एका नाही, दोन ठिकाणी. पहिल्या ठिकाणी टाळी वाजली, माऊनं बघितलं. डॉक्टर म्हणाले, बाई, दिवस भरायच्या आधीची पोरगी आहे, सगळंच थोडं मागंपुढं होणार, दीड वर्षापर्यंत बघू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, तुमच्या मालकांना कधी बोलता आलं? आत्या मधेच म्हणाल्या, तीन वर्षांनी. मग काय, सगळे हसले, मी पण हसले. खोटं कशाला बोलू, बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की आम्ही गणपतीला जाऊन आलो आणि येताना भडंग घेतलं. आईला तेच ऐकायचं असतं की. तुम्ही 'काही नाही, बघू' म्हणालात की आम्ही पाया पडायलाच तयार असतो, आणि म्हणूनच ते बोलताना तुम्ही दहा वेळा विचार करायला पाहिजे असं मला आता वाटतं.

तो 'बघू' नऊ महिने चालला. लसीकरणाला गेले तेव्हा परत विचारलं, परत बघू.

सतराव्या महिन्यात, जानेवारीत, अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झालेली योजना. गाडीवर नाव वाचलं होतं पण ती शाळेतल्या पोरांची उंची-वजन करायला येते एवढंच मला माहीत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायची असते आणि अगदी जन्मापासूनची पोरं बघायची असतात हे नव्हतं माहीत. त्यातल्या मॅडमनी काय केलं, माऊला माझ्या मांडीवर बसवलं, त्यांच्या सोबतच्या सिस्टरनं पुढं एक बाहुली हातात धरून तिचं लक्ष गुंतवलं, आणि मॅडमनी मागं जाऊन, हात कानाच्या रेषेत पण नजरेच्या बाहेर ठेवून एक साधा खुळखुळा हलवला. सावली नाही, वारा नाही. उजवीकडं, मग डावीकडं. मग जरा जोरात. मग त्यांनी सिस्टरकडं बघितलं आणि सिस्टरनी त्यांच्याकडं, आणि मला कळलं. कुणी काही बोललं नव्हतं अजून.

त्यांनी मला धीर बिर काही दिला नाही. चिठ्ठी लिहिली, ओएई आणि बेरा असं दोनच शब्द (कानाच्या दोन तपासण्या), कुठं जायचं ते सांगितलं आणि म्हणाल्या ह्याच आठवड्यात जा, पुढच्या नाही. मला त्यांचा रागच आला होता. आज म्हणाल तर सगळ्यात जास्त आभार मी त्यांचेच मानते.

ओएईला किती वेळ लागला सांगू? नोंद करून, पैसे भरून, झोपलेल्या पोरीच्या कानात एक रबरी टोपणाचं छोटं बोंडूक घालून, दोन्ही कानांचं मिळून दहा मिनिटं. प्रत्यक्ष मशीन चाललं ते तर दोन-तीन मिनिटंच. टोचणं नाही, रक्त नाही. ते मशीन कानात बारीक आवाज सोडतं आणि आतल्या शंखातल्या पेशी चांगल्या असतील तर त्यांचा उलट प्रतिसाद येतो तो पकडतं, असं मला ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं. आला तर पास, नाही आला तर रेफर. दोन्ही कान रेफर. आम्ही ६०० रुपये दिले. बारशाला आम्ही मंडपालाच नऊ हजार दिले होते.

त्याच मॅडमनी मग बाळाच्या कानाला कशाकशानं धोका असतो ती माहिती माझ्याकडून घेतली. दिवस किती आधी, वजन किती, काचेत किती दिवस, कावीळ, इंजेक्शनं, नात्यात लग्न, घरात कुणी लहानपणापासून बहिरं. मला सगळं आठवेना म्हणून मी हेच कार्ड पिशवीतून काढून दिलं. त्या पेन्सिलनं एकेक ठिकाणी टिक करत करत खाली आल्या, पाच टिका झाल्या, झेरॉक्सवर सहावी, आणि त्या अगदी हळू, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, सगळं इथंच लिहिलंय की.

त्या टिका अजून आहेत कार्डावर. मी खोडल्या नाहीत.

आता बेराबद्दल, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण तुम्ही चिठ्ठीवर चार अक्षरं लिहिता आणि आमचं त्यापायी काय होतं ते तुम्हाला बहुतेक माहीत नसतं. बेरा म्हणजे कपाळावर आणि कानामागं वायरी चिकटवायच्या, कानात टिकटिक आवाज सोडायचा आणि कानापासून मेंदूपर्यंत तो पोचतोय का ते स्क्रीनवरच्या लाटांमधून बघायचं. पोर पूर्ण झोपलेलं पाहिजे, नुसतं शांत बसून भागत नाही. त्यामुळं सांगतात की रात्री उशिरा झोपवा, पहाटे चारला उठवा आणि इथं येईपर्यंत झोपू देऊ नका. इथं म्हणजे मिरज. आम्ही तासगावच्या पलीकडं राहतो. एसटीत पोर मांडीवर घेऊन तासगाव ते मिरज जागं ठेवून दाखवा कुणीतरी मला. पहिल्या वेळी मी चिमटे काढले, गार पाण्याचा रुमाल फिरवला, खिडकीतून हात बाहेर काढून वारा लावला, समोरच्या सीटवरच्या आजी मला शिव्या द्यायला लागल्या की कसली कैदाशीण आई आहे ही. कवलापूर आलं नाही तोवर ती झोपलीच, माधवनगरला उठली ती ताजीतवानी होऊन, आणि मिरजेत अंधाऱ्या खोलीत तीन तास नाचत होती. तारीख पुढची.

दुसऱ्या वेळी झोपेचं सिरप दिलं, ते तिनं माझ्या साडीवर ओकलं, मग डॉक्टरांना विचारून परत थोडं दिलं, झोपली, वायरी चिकटवायच्या आधी कपाळाची कातडी त्या खरखरीत जेलनं घासतात ना, तिथं जागी झाली. परत झोपवली. डाव्या कानाचं होत आलं आणि बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजला म्हणून त्याला पळत जाऊन गप्प करायला गेले, आणि मग मलाच हसायला आलं, की अगं तिला कुठं ऐकू येतंय. ती उठली ते वायर ओढली गेल्यामुळं. तिसऱ्या वेळी गावातल्या एकाची गाडी मागून घेतली, मी मागच्या सीटवर तिला उभीच धरून ठेवली सबंध रस्ता, आणि त्या दिवशी झोपली, चांगली सव्वा तास झोपली, दोन्ही कान झाले, एएसएसआर म्हणून आणखी एक असते ती पण झाली.

मॅडमनी मला स्क्रीन दाखवली. म्हणाल्या इथं पाचवी लाट दिसायला हवी होती. एकाखाली एक रेषा होत्या, द्राक्षबागेतल्या तारा कशा ताणून बांधतात तशा. ९० डेसिबलला पण काही नाही. ९० म्हणजे केवढं, मी विचारलं. त्या म्हणाल्या मिक्सर कानाला लावल्यासारखं. मला दिराचा डेक आठवला.

बाहेर आलो तर आमचे हे म्हणाले जरा चालूया. कुठं जातोय ते बघितलंच नाही, चालत चालत सतारमेकर गल्लीत आलो. तिथं दुकानाबाहेर भोपळे वाळत टांगलेले असतात, तंबोरे सतारी उभ्या असतात. एक म्हातारे गृहस्थ तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. माऊ माझ्या कडेवरून उतरली, गेली, आणि सरळ त्या भोपळ्यावर दोन्ही हात ठेवून गाल टेकवला. त्यांनी तार छेडली. ती हसली. परत छेडली, परत हसली. ह्यांचे डोळे चमकले, म्हणाले बघ ऐकतेय की गं, मशीनच बिघडलं असेल. मी काहीच बोलले नाही. भोपळा हातात नसताना त्यांनी मुद्दाम तिच्या पाठीमागं छेडून बघितलं, तेव्हा ती समोरच्या कुत्र्याकडं बघत होती. आत्यांचं ताट मला त्या गल्लीत कळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. विसाव्या महिन्यात कानामागची मशीन लागली दोन्हीकडं, तीन-चार महिने वापरून पण फारसा फायदा दिसेना, मग सीटी, एमआरआय, पुण्याच्या फेऱ्या, लसी, आणि अडीच वर्षांची असताना एका कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकायचं यंत्र. योजनेतून झालं. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) इम्प्लांटचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडं असतं, आणि जन्मापासून बहिऱ्या पोरांना तिथं वयाची अट पाच वर्षांची आहे. हे पण तुमच्यातल्या अनेकांना माहीत नाही हे मी फिरता फिरता बघितलं. आमच्यासोबत वॉर्डाबाहेर एक जोडपं होतं जतकडचं, त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. त्यांना पण कुणीतरी 'बघू' म्हणालं होतं. त्यांच्याशी बोलताना मला माझे नऊ महिने कमीच वाटायला लागले.

आता ती सव्वातीन वर्षांची आहे आणि तिच्या कानाचं वय आठ महिने. थेरपीवाल्या ताई असंच मोजतात, स्विच ऑन झालं तो कानाचा वाढदिवस. रोज सकाळी मशीन लावलं की मी तोंडावर कागद धरते, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि सहा आवाज काढते, आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की ती डब्यात एक शेंगदाणा टाकते. स ला अजून चुकते. डोक्यावरच्या कॉइलला चुंबक असतं, ती पडली की लोखंडी कॉटला जाऊन चिकटते आणि आम्ही अख्ख्या घरात शोधत बसतो. आधीच्या मशीनचे निळ्या पट्टीचे सेल कुलपात ठेवायचो, कारण ते पोरानं गिळले तर घशात भोक पाडतात, हे पण त्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनीच सांगितलं, सेलच्या दुकानदारानं नाही. गेल्या महिन्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, कुक्क. मी गॅस बंद करायला विसरले.

तर डॉक्टरसाहेब, माझं मागणं मोठं नाही. बाळ घरी सोडताना ओएई करा, आणि केली असेल तर पास का रेफर ते लसींच्या खाली, त्याच कार्डावर, तारखेसकट लिहा, तोंडी सांगू नका. बाळंतिणीला त्या दिवशी तोंडी सांगितलेलं काही आठवत नाही, बिलाचा आकडा सोडून. तुमच्याकडं मशीन नसेल तर जिथं आहे तिथली चिठ्ठी द्या आणि डोळ्याच्या तपासणीला जसा फोन केला तसा एक फोन करा. जगभरचा ठोकताळा साधा आहे, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत मशीन किंवा थेरपी चालू. माझ्या पोरीचं पहिलं काम सतराव्या महिन्यात झालं. हजार बाळांत एक ते तीन अशी असतात म्हणतात, त्यामुळं एका दवाखान्याला वर्षात एखादंच दिसेल किंवा एकही नाही, मला ते समजतं. पण टीबीची लस तुम्ही हजारच्या हजार बाळांना देताच की.

आणि जी बाळं पेटीत राहिलीत त्यांची नुसती ओएई पास झाली म्हणून सोडू नका. त्या पोरांत काही वेळा शंखातल्या पेशी चांगल्या असतात आणि पुढची नसच नीट काम करत नाही, तेव्हा ओएई पास येते आणि पोर तरी ऐकत नाही. त्यांना बेराच लागते. आणि खरं सांगू का, दोन-तीन महिन्यांचं बाळ दूध पाजलं की तिथंच झोपतं, ना सिरप लागतं ना चिमटे. आमची वरात निघाली ती उशीर झाला म्हणून.

रेफर आलं तर ते पण नीट समजवा हो. रेफर म्हणजे बहिरा नाही, पहिल्या दोन दिवसांत कानात पाणी-मळ असला तरी रेफर येतं आणि परत केली की पास होतं. हे सांगितलं नाही तर एखादी बाई रात्रभर रडेल, आणि एखाद्या घरी म्हणतील मशीनच खोटं आहे, आणि परत कुणी येणारच नाही. म्हणून परत कधी यायचं ती तारीख पण तिथंच टाका.

आणखी एक, जरा बोलायला अवघड. नात्यातल्या लग्नाचा रकाना भरून घेता तर त्याचं पुढं काहीतरी करा. आई-बाप दोघांतही तेच बिघडलेलं जनुक असेल तर दोघांना चांगलं ऐकू येत असताना पण प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता असते, हे मला पोरगी पावणेदोन वर्षांची झाल्यावर कळलं. आमच्याकडं ते कारण होतं की पेटीतले दिवस, अजून पक्कं माहीत नाही, जनुकाची टेस्ट करायची राहिलीय. पण हे सांगताना सासूसुनेच्या समोर, दार उघडं ठेवून, मोठ्यांदा 'नात्यात केलं की असंच होतं' असं म्हणू नका. आत्या त्या दिवसापासून दोन महिने माझ्याशी नजर मिळवत नव्हत्या. लग्न त्यांनीच जमवलं होतं ना.

आणि मूकबधिर लिहू नका कुठं. मुकी नाहीये ती. परवा दिराला म्हणाली, काका, डेक बंद.

शेवटचं. माझी जाऊ सात महिन्यांची गरोदर आहे. तिचं नाव तुमच्यातल्याच एका दवाखान्यात घातलंय, दवाखाना चांगला आहे, डॉक्टर मॅडम पण स्वभावानं छान आहेत. ती काही नात्यातली नाही, पहिलंच बाळंतपण आहे, सोनोग्राफी सगळ्या व्यवस्थित आहेत. तारीख जानेवारीतली दिलीय. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायला दीर येतील आणि कार्ड घ्यायला मी येणार आहे, आणि मी लसींच्या खालची ओळ वाचल्याशिवाय रिक्षात बसणार नाही.

आपली,
माऊची आई
ता. तासगाव, जि. सांगली